डब्यातला कोल्हा

"पण भन्तेजी, चोरी ती चोरीच ना?"

विचारणारे सुगत रंगारी. नागपूरहून सकाळीच गाडी घेऊन आले होते. सोबत मुलगी होती, निरंजना. नऊएक वर्षांची असेल. बाप भन्तेजींच्या समोर चटईवर बसले, आणि मुलगी बसली पार तिकडे, विहाराच्या उंबऱ्याशी.

तलावात शिंगाडे काढणारी माणसं होती, त्यांच्याकडे भन्ते खेमक बघत राहिले.

"दुसरं शील मोडलं तिनं. न दिलेलं घेतलं. मी सांगून थकलो. आता तुम्हीच समजावा."

"काय घेतलं?"

"खेळ."

"पोरीनं खेळ घेतला..." भन्तेजी म्हणाले. "मग?"

सुगतबाबू हसले. समोरच्याला आपलं कळणार नाही हे आधीच ठाऊक असलं की माणूस हसतो, तसं.

मग त्यांनी सांगितलं. मी विहारातला चहापाण्याचा माणूस, चुलीपाशी होतो. चहाचं आधण ठेवत होतो, म्हणून मलाही ऐकू आलं.

ते जपानचे खेळ जमवतात. टीव्हीला मशीन जोडून खेळायचे असतात ते. काही ते स्वतः लहान असतानाचे जुने, काही आत्ताचे नवे. घरातली एक खोलीच त्यांना दिलेली. काचेची कपाटं. ओल धरू नये म्हणून प्रत्येक कपाटात पुड्या ठेवलेल्या. उन्हानं रंग उडतो म्हणून पडदा कधी सारत नाहीत. खेळ डब्यात, तो डबा आणखी एका पारदर्शक डब्यात, आणि तो कपाटात. त्या जपानी डब्यांना कडेनं कागदाची एक अरुंद पट्टी असते. ती पट्टी फाटली असली तर जाणकार माणूस डबा हातातसुद्धा घेत नाही, म्हणाले.

"दुसऱ्या गावांहून लोक येतात बघायला. असा संग्रह आपल्याकडे कोणाचा नाही, भन्तेजी."

"आणि खेळता केव्हा?"

"खेळायचे वेगळे असतात. हे ठेवायचे."

"अस्सं..."

सुगतबाबूंनी येताना भन्तेजींसाठी बिस्किटांचा एक डबा आणला होता. खेळांच्या पार्सलात मागवलेला, जपानचाच. तो त्यांनी चटईवर ठेवला होता. भन्तेजींनी त्याला हात लावला नाही. मग सुगतबाबूंनी तो थोडा पुढे सरकवला. तरी नाही.

"घ्या ना भन्तेजी. तुमच्यासाठीच आहे."

"ठेवला आहे. दिला कुठे?"

भिक्खूंची रीत आहे ती. हातात दिल्याशिवाय काही घेत नाहीत. समोर ठेवलेलं ताट तसंच निवून जाईल, पण घेणार नाहीत. सुगतबाबूंच्या आई डबा घेऊन यायच्या, त्यांना हे कधी सांगावं लागलं नव्हतं.

सुगतबाबू उठायच्या आत मुलगीच आली. दोन्ही हातांनी डबा उचलला, भन्तेजींच्या हातात दिला, आणि परत उंबऱ्याशी जाऊन बसली.

भन्तेजींनी नखानं एका ओढीत वरचा चकचकीत कागद टरकावला.

"अहो, हळू!"

सुगतबाबूंच्या तोंडून निघून गेलं. मग स्वतःच ओशाळले. "नाही... डबा चांगला आहे तो, म्हणून म्हटलं."

भन्तेजींनी एक बिस्किट मुलीला दिलं. एक मला. एक सुगतबाबूंना. एक स्वतः खाल्लं.

"छान आहे. कशाचं आहे हो?"

सुगतबाबूंनी बिस्किट उलटसुलट करून बघितलं. "मी कधी खाल्लं नाही. असे डबे आहेत घरी बरेच..."

"तिळाचं आहे," मुलगी उंबऱ्यावरून म्हणाली. भन्तेजींना म्हणाली. बापाकडे बघितलं नाही.

मग सुगतबाबूंनी पिशवीतून मऊ फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. काढण्याआधी हातात पांढरे सुती हातमोजे घातले. लग्नात बँडवाले घालतात तसले. फडकं उलगडलं. आत पुठ्ठ्याचा डबा, त्यावर एका कोल्ह्याचं चित्र. कोल्ह्याच्या गळ्यात झोळी. डब्यावर पातळ प्लास्टिक, एका बाजूनं फाटलेलं.

"मी जन्मलो त्या सुमाराचा आहे हा. दुकानातून निघाल्यापासून कोणी उघडला नव्हता. कोणीच नाही. किती मालक झाले असतील याचे, कोणी नखसुद्धा लावलं नाही. आणि गेल्या रविवारी मी बाहेर गेलो होतो, परत येऊन बघतो तर हे!"

"मग काय केलंत?"

"चोर म्हणालो तिला."

"आणि?"

"तेव्हापासून..." ते थांबले. "तेव्हापासून मला बाबा म्हणत नाही. काही असलं तर आईला सांगते, 'त्यांना म्हणावं जेवायला चला.' त्यांना! शेजारच्या माणसाबद्दल बोलावं तसं."

आधण उकळलं. मी पातेलं खाली घेतलं, उपरण्याचं टोक लावून. बोटं पोळलीच. रोजचंच आहे ते. साखरपत्ती घालून पुन्हा चुलीवर ठेवलं.

भन्तेजी त्या कोल्ह्याकडे बघत होते.

"आत काय निघालं?"

"अं?"

"उघडला म्हणता ना. आत काय निघालं?"

"आत... खेळच असेल."

"असेल?"

सुगतबाबूंनी मान खाली घातली.

"मी बघितलं नाही."

"काहून?"

"आमच्या खेळ जमवणाऱ्यांत एक जण आहे. त्यानं असाच न उघडलेला डबा घेतला होता. मी ज्याच्याकडून घेतला, त्याच माणसाकडून. एक दिवस त्यानं जीव घट्ट करून उघडला. आत फरशीचा तुकडा निघाला. वरचं प्लास्टिक कोणीतरी नव्यानं चिकटवलेलं..."

सुगतबाबूंनी डब्याच्या फाटक्या कडेवरून मोजा फिरवला.

"तेव्हापासून या डब्याकडे सरळ बघवत नाही, भन्तेजी. उघडून बघावं, तर उघडला की संपलं, मग तो न उघडलेला राहत नाही. आणि न उघडावा, तर आत काय आहे कुणास ठाऊक. लोक येतात, विचारतात, अस्सल आहे का? मी म्हणतो, अस्सल! आणि म्हणताना..."

"हलवून बघा ना, बाबू," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

"बघितलं, काका. वजन बरोबर आहे. फरशीच्या तुकड्याचंही बरोबरच होतं."

त्यांनी डबा फडक्यात ठेवला. "रविवारी फाटलेलं दिसलं, तेव्हा आत डोकवायचं धैर्यच झालं नाही. तसाच गुंडाळला. तिच्यावर ओरडणं सोपं होतं. आता तुम्ही बघून सांगा. तुम्ही सांगितलंत तर सोसेन मी."

"मी कसा सांगू? मला ठाऊक नाही."

"मग कोण सांगेल?"

भन्तेजी उठले. आपल्या उंच आसनावरून उठले, उंबऱ्यापाशी गेले, आणि मुलीच्या समोर खाली, उघड्या फरशीवर मांडी घालून बसले.

मी इतकी वर्षं तिथं आहे. सांगणारा वर बसतो आणि ऐकणारा खाली, ही भिक्खूंची रीत. वर बसलेल्याला खालून उपदेश करत नाहीत. भन्तेजींना मी कोणासमोर असं खाली बसलेलं पाहिलं नव्हतं. सुगतबाबूंनीही पाहिलं नसावं. ते डबा घेऊन गडबडीनं उठले, आणि कुठे बसावं ते न कळून भन्तेजींच्या मागे फरशीवरच बसले.

भन्तेजींनी मुलीला रिकामं आसन दाखवलं.

"तिथं बसू?" ती म्हणाली. "मला दिलं?"

"दिलं."

ती गेली आणि आसनावर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"सांगा बाई," भन्तेजी म्हणाले. "काय होतं आत?"

ती फक्त भन्तेजींकडे बघून बोलली.

"कागदाचा एक ट्रे होता. त्यात कॅसेट. करडी. चित्रांचं छोटं पुस्तक होतं. आणि एक पोस्टकार्ड."

"पोस्टकार्ड?" सुगतबाबू मागून म्हणाले. "पिवळं?"

मुलगी भन्तेजींकडेच बघत राहिली. भन्तेजींनी विचारलं, "पिवळं होतं का, बाई?"

"नाही. गुलाबी."

"गुलाबी..." सुगतबाबू म्हणाले. पुन्हा म्हणाले, "गुलाबी!" आणि भन्तेजींचा खांदा धरणार होते, हात मागे घेतला. "अगदी पहिल्या मालात कंपनीचं ते कार्ड गुलाबी असायचं, भन्तेजी. नंतर पिवळं झालं. नकली करणाऱ्याला हे सुचायचं नाही. गुलाबी आहे? नक्की?"

"आणि वास होता," मुलगी म्हणाली. "नव्या वहीचा."

"मग?"

"मग मशीनमध्ये घातली. चालली."

"चालली?" सुगतबाबू गुडघ्यावर उठून बसले. "इतक्या वर्षांनी?"

"पहिल्यांदा नाही चालली. मग फुंकर मारली, मग चालली." आता ती बापाला सांगत होती, तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "कोल्हा पोस्टमन असतो. बर्फातून चिठ्ठ्या वाटायच्या असतात. कुत्रे मागे लागतात. मी नदीपर्यंत गेले. तिथं एक म्हातारं बदक काहीतरी विचारतं, सगळं जपानीत. वरचं बटण दाबलं तर कोल्हा पाण्यात पडतो. खालचं दाबलं तरी पडतो."

"दोन्ही दाबून बघितली?"

"दोन्ही दाबली तर बदक हसतं. मग पडतो."

मी हसलो. भन्तेजीही हसले.

"आणि नदीच्या पलीकडे काय आहे?" सुगतबाबूंनी विचारलं.

"मला काय माहीत, बाबा! तेवढ्यात तुमची गाडी आली."

बाबा म्हणाली. म्हणून झाल्यावर तिलाच कळलं, तशी आपल्या पायांकडे बघू लागली.

भन्तेजींनी हळूच विचारलं, "उघडला काहून, बाई?"

ती फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत राहिली.

"लोक विचारतात, अस्सल आहे का. बाबा हो म्हणतात, पण त्यांचं तोंड असं होतं." तिनं तोंड करून दाखवलं. ओठ हसरे, डोळे घाबरलेले. हुबेहूब बापाचं. "म्हणून म्हटलं, आपणच बघावं. आणि असला तर सांगावं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगायलाच दारात उभी होते. त्यांनी आधी प्लास्टिक बघितलं."

तलावावर कोणीतरी कोणाला हाक मारत होतं.

सुगतबाबू दोन्ही हातांत तोंड धरून बसले होते. पाठ हलत होती. मला वाटलं रडतात. मग आवाज आला, तर हसत होते. हसत होते आणि डोळे पुसत होते. मोज्यांनी डोळे नीट पुसता येईनात, म्हणून मोजे ओढून काढले आणि तिथंच टाकले.

"गुलाबी आहे..." ते म्हणाले, आणि इतका मोठा श्वास सोडला की मला चुलीपाशी ऐकू आला. माणूस गाठोडं डोक्यावरून उतरवून ओट्यावर टेकवतो ना, तसा.

मग उघड्या हातांनी त्यांनी डबा उघडला. फाटलेलं प्लास्टिक काढून बाजूला सारलं. करडी कॅसेट तळहातावर घेतली. नाकाशी नेली, वास घेतला. मुलगी केव्हाच आसनावरून उतरून जवळ आली होती. तिनं हात पुढे केला, आणि मध्येच मागे घेतला.

तो मागे गेलेला हात सुगतबाबूंना दिसला.

त्यांनी भन्तेजींकडे पाहिलं. भन्तेजी तलावाकडे बघत होते.

सुगतबाबूंनी मुलीचे दोन्ही हात जवळ ओढले आणि कॅसेट त्यात ठेवली.

"जपून..." म्हणाले, आणि पुढचं गिळलं. "घरी गेलो की त्या बदकाला बघू."

"मी आधी," मुलगी म्हणाली.

"तू आधी."

ती त्यांच्या मांडीला टेकून बसली. घाई कोणालाच नव्हती.

मग सुगतबाबूंना आठवलं. "भन्तेजी, ते शीलाचं समजावायचं राहिलं..."

चहा वर आला. मी उपरण्याचं टोक लावून पातेलं धरलं, आणि पुन्हा बोटं पोळली. तोंडातून शब्द गेला माझ्या.

भन्तेजींनी मागे वळून पाहिलं. मग फरशीवर पडलेल्या त्या पांढऱ्या मोज्यांकडे बोट केलं.

"ते आधी म्हाताऱ्याच्या हातात द्या. चहा उतरवायचा आहे."