धाकूनं घर आतून केलं त्याची गोष्ट

घाटाखालच्या एका गावात एक भोळा गडी राहत होता. नाव धाकू. भोळी माणसं तशी गावोगाव असतात. पण धाकूचा भोळेपणा नीटनेटका होता. सांगाल ते करायचा. सांगाल तसंच करायचा. आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सगळा घोटाळा त्या न विसरण्यात होता.

धाकूचं रान वर डोंगराच्या पठारावर. रोज घाट चढून आणि उतरून तो कंटाळला, म्हणून त्यानं पठारावरच घर बांधलं. एकट्यानं बांधलं. खांबांच्या मेढी पुरल्या, आढं चढवलं, भिंतींच्या जागी कारवीचे कूड उभे केले, वर गवत शाकारलं. लांबून बघणारा म्हणायचा, घर आहे. आत गेलं की पुन्हा डोंगरच. जमिनीतून दगड वर आलेले. कुडाच्या फटीतून पलीकडची म्हैस दिसायची. चूल नाही, खुंटी नाही. एका कोपऱ्यात खेकड्याचं बीळ होतं, आणि खेकडा घरी असायचा.

धाकूची बायको चांगुणा. तिनं आत पाऊल टाकलं, सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, "मी काय घोरपड आहे, दगडावर निजायला?"

"नाहीस," धाकू म्हणाला.

"मग घर आतून करा. झालं की मी येते."

आणि ती माहेरी गेली. रागावून नाही गेली. पण गेली.

तिचा बाप केरोबा मात्र तापट माणूस. त्यानं निरोप धाडला. पौर्णिमेला पोरीला घेऊन येतो. घर आतून बघीन. पसंत पडलं तर पोर ठेवीन. नाही पडलं तर आल्या पावली परत नेईन, आणि मग पुन्हा धाडायचा नाही.

चांगुणेवाचून त्याला करमत नव्हतं. तीन दगडांवर तो स्वतःच भात शिजवायचा, आणि तो भात स्वतःच खावा लागायचा.

गावात नारबा नावाचा म्हातारा सुतार होता. घर कसं करावं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण गुडघे गेले होते, घाट चढवत नव्हता. म्हणून धाकू सकाळी खाली यायचा, नारबाकडून ऐकून घ्यायचा आणि वर जाऊन करायचा.

"काका, जमीन कशी करू?"

"दगड उपटून काढ. माती पसर. पाणी मार. मग चोपणं घे आणि चोप. हात राखायचा नाही. टण्ण वाजेपर्यंत चोपत राहायचं. लक्षात ठेवशील?"

"ठेवलं."

धाकू वर गेला. दगड काढले, माती पसरली, पाणी मारलं. मग लाकडी चोपणं घेऊन दोन दिवस चोपलं. तिसऱ्या दिवशी जमीन टण्ण वाजली. खेकडा बिऱ्हाड हलवून ओढ्यावर गेला. अशी जमीन सगळ्या गावात नव्हती.

धाकूचं असं होतं, सांगितलेल्या कामात तो कधी चुकायचा नाही. चुकायचा तो पुढच्या.

पुढचं काम कुडाचं. त्यानं माती आणि शेण कालवलं, कुडाला थापलं. थापल्यावर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. चोपणं घेतलं आणि दणादण चोपायला लागला. हात राखला नाही. कूड टण्ण वाजेना. धाकू थांबेना. दुपारच्या सुमाराला कूड गेला.

दुसऱ्या दिवशी तो नारबापुढं उभा राहिला.

"काका, कूड गेला."

"कुठं गेला?"

"बाहेर."

नारबानं हातातली लाकूड तासायची वाकस खाली ठेवली. "अरे, कुडाला कुणी मारतं का? कूड म्हणजे लेकरू. लेकराला तेल लावतात ना, तसं लिंपायचं. हलक्या तळहातानं, गोल गोल, गोंजारत. जोर म्हणून लावायचा नाही. लक्षात ठेवशील?"

"ठेवलं."

धाकूनं कूड पुन्हा उभा केला. चारी कूड लेकरासारखे लिंपले. एवढे गुळगुळीत झाले की पाल चढायची आणि घसरून खाली यायची.

मग खुंट्यांचं काम आलं. मेढीला भोकं पाडून त्यात खुंट्या बसवायच्या होत्या. धाकूनं भोकं पाडली. पहिली खुंटी भोकाच्या तोंडाशी धरली आणि तिला गोंजारायला लागला. हलक्या तळहातानं, गोल गोल. सकाळ गेली. दुपार गेली. खुंटी काही आत जाईना. हात सोडला की खाली पडायची. धाकू उचलायचा, मातीबिती झटकायचा आणि पुन्हा गोंजारायचा. दुसऱ्या दिवशी तिला तेलही लावलं.

तिसऱ्या दिवशी नारबा म्हणाला, "काय रे, खुंट्या झाल्या?"

"नाही काका. ऐकत नाहीत."

"काय केलंस?"

धाकूनं करून दाखवलं. नारबा बराच वेळ बघत राहिला. त्याची म्हातारी चहा घेऊन आली होती, तीही बघत राहिली.

"धाकू," नारबा सावकाश म्हणाला, "खुंटी म्हणजे लेकरू नाही. खुंटी ठोकायची. डोक्यात दणका घालून ठोकायची. आणि ठोकून झाली की तिच्यावर सगळा भार टाकून बघायचा. तुला पेललं तर ती खरी. लक्षात ठेवशील?"

"ठेवलं."

"फक्त खुंटीला."

हे शेवटचं नारबा बोलला तेव्हा धाकू वाटेला लागला होता.

पाच खुंट्या ठोकल्या. पाचांनाही धाकू आळीपाळीनं लोंबकळला. पाचही खऱ्या निघाल्या.

मग चूल. धाकूनं चिकणमाती मळली, दोन बाजूंना दोन कान काढले, पाठीमागं दुसरं भांडं ठेवायला वैल ठेवला. चूल अशी देखणी झाली की चांगुणा बघूनच भाकरी थापायला बसावी. धाकू खूश झाला. मग त्यानं चुलीच्या डोक्यात दणका घातला. मग भार टाकून बघावा म्हणून तिच्यावर उभा राहिला.

"काका, चूल खरी नव्हती."

नारबानं डोळे मिटले. "उभा राहिलास?"

"दोन्ही पायांवर."

"म्हातारे," नारबा घरात बघून म्हणाला, "आज मला चहा नको." मग धाकूकडं वळला. "ऐक बाबा. ओल्या वस्तूला हात लावायचा नाही. तीन दिवस सावलीत सुकू द्यायची. मग तिच्या पोटात बारीक जाळ घालायचा. जाळानं ती भाजते आणि पक्की होते. लक्षात ठेवशील?"

"ठेवलं."

नवी चूल केली. तीन दिवस सुकवली, बारीक जाळ घातला. चूल पक्की झाली.

आता राहिला माळा. धान्य ठेवायला आढ्याखाली बांबूचा माळा लागतो. धाकूनं बेटातून हिरवे बांबू तोडले आणि माळा बांधला. बांबू ओले होते. ओल्या वस्तूचं काय करायचं ते त्याला नुकतंच कळलं होतं. तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी शिडी लावून वर चढला आणि माळ्यावर बारीक जाळ केला.

जाळ बारीकच होता. धाकूनं तो मोठा केला नाही. तो आपणहून झाला.

"काका, माळा राहिला नाही."

"आणि छप्पर?"

"छप्पर आहे. मधे नाही."

पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. चांगुणा त्यालाही लेकीसारखी. धाकूच्या लग्नात सूनमुख बघायला तो आणि म्हातारी दोघं गेली होती. ती कायमची माहेरी राहिली तर हा गडी तीन दगडांवरच्या भातानं मरेल, हे त्याला दिसत होतं. त्यानं धाकूला जवळ बसवलं.

"हे बघ. आधी भोक शाकारून घे. माळा सासरा येऊन गेल्यावर कर, घाई नाही. पण बांबूचं ऐकून ठेव. कापलेला बांबू तसाच घरात घेतला की त्यात भुंगा शिरतो. आतून पोखरतो. वरून कळत नाही, आणि एक दिवस सगळं डोक्यावर येतं. म्हणून घरात घ्यायच्या आधी पंधरा दिवस ओढ्यात बुडवून ठेवायचा. बांबू उसळून वर येतो, म्हणून त्यावर दगड ठेवायचे. कितीही उसळला तरी काढायचा नाही. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस."

"लक्षात ठेवलं."

"थांब. आता मला सांग, याच्यापुढं काम कुठलं आहे?"

धाकूनं बोटं मोजली. "जमीन झाली. कूड झाले. खुंट्या, चूल झाली. काम काही नाही काका. आता फक्त माणसं घरात घ्यायची राहिली."

"मग झालं तर," नारबा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्यानं निवांत बिडी पेटवली.

धाकूनं भोक शाकारलं. नवे बांबू तोडून घराखालच्या ओढ्याच्या डोहात बुडवले, वर दगड ठेवले. घर आतून बघत पौर्णिमेची वाट बघत बसला.

पौर्णिमेला केरोबा घाट चढून आला. चांगुणा मागं होती. तिच्या डोक्यावर बोचकं होतं, ती खिंडीत दम खायला थांबली होती. केरोबाला दम खायचा नव्हता. त्याला घर बघायचं होतं.

"रामराम मामा," धाकू ओढ्यापाशी सामोरा जाऊन म्हणाला. "या."

"येतो. आधी अंग गार करतो. उन्हानं पार भाजलो." केरोबानं पैरण काठावर काढून ठेवली आणि धोतरानिशी डोहात कमरेएवढ्या पाण्यात बसला. "आणि हे आत्ताच सांगतो जावईबापू. घरात कुठं फट दिसली, तर पोर इथं राहायची नाही."

धाकू काठावर उभा राहून सासऱ्याकडं बघत होता. बघता बघता त्याला आठवलं.

"मामा, तुम्हाला घरात यायचंय ना?"

"मग काय घाट चढून बाहेरूनच परत जाऊ?"

"मग बसा तसेच."

धाकू पाण्यात उतरला. धोतराचा सोगा पाण्यावर तरंगत होता. त्यावर त्यानं एक दगड ठेवला. दुसऱ्या बाजूला दुसरा ठेवला.

"काय करतोस रे?"

"भुंगा शिरू नये म्हणून."

"कुणात?"

"तुमच्यात."

केरोबा उठायला गेला. धोतर उठेना.

"उसळताय मामा," धाकू म्हणाला आणि आणखी दोन दगड ठेवले. चांगले मोठे, घाटातले.

आता केरोबाला धोतर सोडून उठता आलं असतं. पण तेवढ्यात खिंडीतून चांगुणा येताना दिसली. बाप मुकाट्यानं पाण्यात खाली बसला.

धाकू चांगुणेला घरात घेऊन... घेऊन नाही गेला. दारापर्यंत गेला. तिनं बोचकं ओट्यावर ठेवलं आणि उंबऱ्यातून आत वाकून बघितलं. हात लांब करून जमिनीवर टिचकी मारली. टण्ण वाजली. कुडावरून हात फिरवला. खुंट्या बघितल्या, चूल बघितली. चुलीकडं बराच वेळ बघत राहिली.

"हे तुम्ही केलंत?"

"काका सांगायचे. मी करायचो."

चांगुणेनं पदर डोळ्यांना लावला. "बाबांना दाखवलंत?"

"ते अजून आत यायचेत."

"कधी?"

"पंधरा दिवसांनी."

चांगुणा धावत ओढ्यावर गेली, धाकू मागोमाग. बाप बांबूंच्या शेजारी कमरेएवढ्या पाण्यात बसला होता.

"पोरी," केरोबा म्हणाला, "घर बघायची गरज नाही. बोचकं उचल. तुला आल्या पावली परत नेतो."

"चला," चांगुणा म्हणाली. "उठा."

केरोबानं धोतर ओढून बघितलं.

"उठा ना बाबा. घाट उतरायला वेळ लागेल."

"उठता येत नाही."

चांगुणेनं दगड बघितले. नवऱ्याकडं बघितलं. मग काठावर मांडी घालून सावकाश बसली. "घर चांगलं झालंय बाबा. मी आतून बघितलं. मला इथं राहायचंय."

"या येड्याबरोबर?"

"दगड त्यांनीच ठेवलेत. काढायला सांगणारी मी एकटी आहे. तुम्ही काय ते ठरवा."

पाणी डोंगरातलं होतं. केरोबाचे दात वाजायला लागले होते. तो बांबूंकडं बघत राहिला, मग पलीकडच्या काठाकडं.

"राहा," तो म्हणाला.

"पुन्हा न्यायला येणार नाही?"

"बाई, राहा म्हटलं ना."

चांगुणा नवऱ्याकडं वळली. "अहो, दगड काढा."

"पंधरा दिवस व्हायचेत अजून."

चांगुणा खाली गावातल्या घरात त्याच्याबरोबर वर्षभर नांदलेली होती. धाकूशी कसं बोलायचं ते तिला कळत होतं. "भुंगा कोवळ्या बांबूला लागतो," ती म्हणाली. "जुन्या निबर बांबूला लागत नाही. आणि बाबा केवढे निबर आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे."

धाकूनं सासऱ्याकडं नीट बघितलं. त्याला ते पटलं. त्यानं दगड काढले. केरोबा धोतर सावरत घराकडं गेला आणि चुलीपाशी जाऊन बसला.

"लक्षात ठेवलं," धाकू म्हणाला. "निबराला लागत नाही. कोवळ्याला लागतो."

"बरोबर," चांगुणा म्हणाली आणि हसत घराकडं निघाली.

धाकू तिच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"तू कुठं निघालीस?"

"घरात."

"तशीच?" धाकूनं तिचा हात धरला, मायेनं, जोर म्हणून लावला नाही. "वरच्या अंगाला ये. तिथं पाणी उथळ आहे, सावली आहे. आणि तुझ्यासाठी दगड मी अगदी हलका बघून ठेवलाय."