पलीकडचा काठ न दिसणारं सरोवर

राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. कोरड्या पठारावरच्या एका गावात सगुणा लग्न होऊन आली. तिचं माहेर दूर उत्तरेला, एका अफाट सरोवराच्या काठी. वडील कोळी. दारातून पाणी दिसायचं, पण पाण्याचा पलीकडचा काठ कधीच दिसायचा नाही.

सासरी सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे गावची विहीर. नवी होती तेव्हा सगुणा कौतुकानं माहेरचं सांगायची. आमच्या सरोवरात वादळं होतात, लाटा उसळतात, आणि एवढं असूनही पाणी गोडं. बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. काठ दिसत नाही तो समुद्र आणि समुद्र खारा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावानं तिला थापाडी ठरवलं. मग तिनं सांगणंच सोडलं.

ओढ मात्र सुटली नाही. नवरा मेंढरांमागे रानोमाळ, घरात ती आणि सासू. वारा सुटला की भाकरी थापता थापता तिचे हात थांबायचे. या वाऱ्यात बाबांनी होडी काढली असेल का, असं मनात यायचं आणि ती उत्तरेकडे बघत राहायची. तव्यावरची भाकरी करपायची. सासू करपलेली भाकरी आपल्या ताटात घ्यायची.

पुढे पावसानं पाठ फिरवली. विहीर आटली. गाव सोडायचं ठरलं, पण जायचं कुठे? भर चावडीत सगुणा म्हणाली, उत्तरेला चला. एवढं पाणी गोडं राहीलच कसं, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"डोंगरातल्या नद्या त्यात येतात आणि एक नदी त्यातून बाहेर वाहते, म्हणून ते गोडं राहतं," सगुणा म्हणाली. "पूर्वेला याहून मोठं सरोवर आहे, असं बाबा सांगायचे. जगात त्याहून मोठं दुसरं नाही. पण त्याच्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते खारं झालं. लोक त्याला समुद्रच म्हणतात."

कुणाला पटेना. तेव्हा सासू उठली.

"मी सुनेबरोबर जाते," ती म्हणाली. "थापेसाठी कुणी इतकं झुरत नाही."

सगुणाचा नवरा मेंढरं घेऊन मागोमाग निघाला. त्यांच्या पाठी काही घरंही निघाली. बाकीचे दुसऱ्या वाटेनं गेले, त्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

बरीच चाल झाल्यावर एका सकाळी सरोवर दिसलं. लाटा बघून सासू घाबरून मागे सरली. सगुणानं ओंजळ भरून तिच्यापुढे धरली. म्हातारी प्यायली आणि हळूच म्हणाली, "गोडं आहे गं."

सगुणाचे वडील मात्र आदल्या थंडीतच गेले होते. शेजाऱ्यांनी सांगितलं, शेवटी शेवटी ते दक्षिणेकडे तोंड करून बसायचे. सगुणा त्यांच्या होडीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

सगळे तिथेच वसले, जगले. पण सासूला लाटांच्या आवाजानं झोप येईना. तिला पठाराची आठवण यायची. एका संध्याकाळी सगुणा तिच्याजवळ येऊन बसली.

"आत्याबाई, पठारावरचं सांगा ना."

म्हातारी सांगत राहिली, सगुणा ऐकत राहिली.

म्हणून, लहानांनो आणि थोरांनो, आपण न पाहिलेलं खोटं ठरवण्याआधी सांगणाऱ्याच्या मनातली ओढ ओळखावी.