तेलणीतला मोह

आंजणवाडीखाली तेलण नदीच्या ऐन मध्यात एक झाड उभे आहे. झाड अर्जुनाचे आहे. पांढरी गुळगुळीत साल, लांबट पाने, कुणीही ओळखावे असे. पण वाडीत त्याला मोह म्हणतात. येणारे पाहुणे दुरुस्ती करतात. वाडीतला सर्वांत म्हातारा बाज्या आजा ती शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "झाड अर्जुनाचंच आहे. मोह हे त्याचं नाव आहे." मग तो काठावरच्या खडकावर बसतो आणि सांगू लागतो.

फार पूर्वी या रानातली झाडे चालत, असे सांगतात. उन्हाळ्यात ती पाण्याजवळ सरकत आणि पुन्हा आपापल्या जागी जात. त्याचे कुणाला नवल वाटत नसे, कारण झाडे घरचीच होती. माणूस गेले की नाईक, म्हणजे रानाचा प्रमुख, स्वतःच्या हाताने एक रोप लावी आणि गेलेल्याचे नाव त्याच्या कानात सांगावे तसे हळूच सांगे. त्यानंतर ते नाव झाडाचे होई. माणसाने ते पुन्हा तोंडातून काढायचे नाही, अशी रीत होती. मान राखायचा म्हणून ती सगळे पाळत.

त्या वेळी वेस्ता हा नाईक होता. एके दिवशी सकाळी तो आपले घर शाकारत होता. त्याची बायको जुगरी खालून गवताच्या पेंढ्या देत होती आणि ओळ वाकडी जाते आहे म्हणून त्याला ऐकवत होती. नाईक सगळ्या रानाला सरळ करतो, फक्त स्वतःचे छप्पर तेवढे त्याला जमत नाही, असे ती म्हणाली. वेस्ता हसला. तेवढ्यात शेळ्या चारणारी म्हातारी रुमाली धापा टाकत आली.

"नाईक, खाली ये. झाडं निघाली."

झाडे चालतात त्यात काय मोठे, असे जुगरी म्हणाली. रुमालीने मान हलवली. या वेळी झाडांनी मुळे पुरती उपसून घेतली होती. पश्चिमेचे सगळे रान उठून नदीकडे चालले होते. नदी ओलांडून गेलेले झाड परत येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होते. झाडांमागे झरे जाणार आणि झऱ्यांमागे वाडी उठणार.

"पण का?" वेस्ताने विचारले.

"त्यांना कुणी हाकच मारत नाही," रुमाली म्हणाली. "कुणासाठी थांबतील?"

वेस्ता हातातली पेंढी घेऊनच काठावर पोचला. जुगरी त्याच्या मागे होती, वाडीही जमली होती. प्रत्येक रोप त्याने किंवा त्याच्या बापाने लावलेले. निघालेले झाड नाईकाच्याच हाकेने वळते, पण हाक द्यायची तर रीत मोडायची. तरी त्याने आपल्या बापाचे नाव घेतले, पुरे आणि मोठ्याने. बापाचे ऐनाचे झाड थांबले आणि मागे वळले. मग तो एकेक नाव घेत गेला. लोक रडत होते. कित्येकांनी ती नावे बऱ्याच वर्षांनी ऐकली होती. गोमाची पाळी आली तेव्हा मात्र काही जण हसले म्हणे. गोमा जिवंतपणीही सगळ्यांच्या मागे असायचा, आणि त्याचे झाड अजून टेकडीसुद्धा उतरले नव्हते.

शेवटी एकच झाड राहिले. ते अर्जुनाचे कोवळे झाड होते, चार वर्षांचे. अंगाने हलके, म्हणून सर्वांत पुढे गेले होते आणि पाण्यात शिरले होते. ते वेस्ताच्या मुलीचे होते. सात वर्षांची असताना ती तापाने गेली होती. त्याने तिचे नाव मुद्दाम मागे ठेवले की त्याच्या तोंडात ते आधी आलेच नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

"मोह..." अशी हाक त्याने दिली, आणि पुढे त्याचा आवाज बंद झाला.

झाड नदीच्या मध्यात थांबले. पुढे गेले नाही, मागेही वळले नाही.

"पुढचं घे," जुगरी म्हणाली.

"घेतो."

जुगरी वाट पाहत राहिली. तूच बोलाव, असे लोकांनी तिला सुचवले. ती म्हणाली, "रोप त्यानं लावलंय. माझ्या हाकेनं ती येणार नाही." मग तिने त्याच्या हातातली पेंढी काढून घेतली आणि ती घरी गेली. उरलेले छप्पर तिनेच शाकारले. त्यावरून ती त्याला पुढे कधीही बोलली नाही.

त्यानंतर वेस्ता अकरा वर्षे जगला. रोज सकाळी तो या खडकावर येऊन बसे. तोंड उघडे, पहिली दोन अक्षरे येत, आणि तो उठून कामाला जाई. त्याचे झाड इथेच लावले आहे, काठावर, नदीकडे तोंड करून.

आजही शाकारणीआधी वाडीतली माणसे रानात जातात आणि आपापल्या गेलेल्यांची नावे पुरी घेतात. म्हणून या रानातली झाडे आता कुठे जात नाहीत. शेवटी सगळे नदीवर येतात, मध्यातल्या झाडाकडे बघून "मोह" म्हणतात आणि थांबतात. मग घरी जाऊन छपरावर चढतात.

पाहुणे आजाला विचारतात, मुलीचे नाव काय होते? मोहरी, मोहिनी, की मोहफुली?

"ते आम्हाला माहीत नाही," आजा म्हणतो. "नाईकानं घ्यायचं राहिलं."