साहेबाचा खटला साहेबापुढे

अरबस्तानच्या एका बंदरात राज्य शेखाचं होतं, पण तोरा गोऱ्या साहेबाचा. परदेशी माणसाचा न्याय शेखाच्या काझीने करायचा नाही, तो साहेबाच्याच कोर्टात व्हायचा, असा करार होता. एकदा साहेबाने मौजेखातर लाँच भरधाव हाकली आणि मुबारक कोळ्याच्या होडीचे दोन तुकडे केले. काझीने बोलावलं, तेव्हा साहेब गुरकावला, "मी परदेशी आहे. माझा खटला माझ्याच कोर्टात चालेल!" आणि स्वतःच न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसला.

मुबारकला साहेबाची भाषा येईना, म्हणून त्याच्या वतीने, गलबत घेऊन बंदरात आलेला जैतापूरचा दाऊद नाखवा उभा राहिला; त्याला ती भाषा येत होती. साहेबाचा निर्लज्जपणा पाहून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्याने अदबीने सलाम केला.

"हुजूर, पिंजरा रिकामा दिसतो. आरोपी आला नाही काय?"

"मूर्खा, आरोपी मीच!"

"छे छे, हुजूर तर न्यायाधीश! आणि आरोपी गैरहजर राहिला तर निकाल त्याच्याविरुद्ध जातो, हा हुजुरांच्याच कोर्टाचा नियम."

लालबुंद झालेला साहेब पिंजऱ्याकडे जायला उठला.

"जपून, हुजूर," दाऊद म्हणाला, "खुर्ची रिकामी झाली, तर तिच्यात बसायला काझीसाहेब दाराशीच उभे आहेत."

साहेब मटकन खाली बसला. कोर्टात खसखस पिकली. मग मुबारकला नवी होडी बांधून देण्याचा हुकूम साहेबाने स्वतःच स्वतःवर बजावला, आणि तोही मान वर न करता.