जेवणाआधीची हाळी

"...पण महाराज, मी खोटं काय बोललो, ते तरी सांगा!"

केशरगिरी महाराज चुलीवरची खिचडी ढवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

सदानंद दातीर चुलीपासून लांब उभा होता. धूर कपड्यांना लागू नये म्हणून. तो लहानाचा मोठा याच मठात झाला होता. आता तो जिल्ह्याच्या सरकारी रेडिओ केंद्रावर बातम्यांचा प्रमुख होता, आणि संध्याकाळच्या बातम्या तो स्वतः वाचायचा.

"त्या संध्याकाळी काय वाचलंस?"

"धरणातून सोडलेलं पाणी आटोक्यात आहे. घाबरण्याचं कारण नाही. लोकांनी घरं सोडू नयेत, अफवांवर विश्वास ठेवू नये."

"कुणी लिहिलं?"

"वरून आलं होतं. सरकारी केंद्र आहे, महाराज. वरून आलेलं वाचावंच लागतं."

"आणि खालून काय आलं होतं?"

सदानंदनं बाहीवरची राख झटकली.

"खालून, सदा..."

"हिवरखोरीच्या तलाठ्याचा फोन आला होता. पाणी स्मशानाच्या पायऱ्या चढलंय म्हणाला. मी म्हटलं, लेखी पाठवा. खात्री केल्याशिवाय बातमी द्यायची नाही, असा आमचा नियम आहे."

"चांगला नियम आहे. वरच्या कागदाची खात्री केलीस?"

"त्याची कशी करणार?"

महाराजांनी मान हलवली. चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं.

"बातम्या संपल्यावर काय लागलं?"

"भावगीतं..."

हिवरखोरीत त्या संध्याकाळी लोकांनी गाठोडी बांधली होती. बातम्या ऐकून त्यांनी ती सोडली, अंथरुणं घातली. पहाटेपर्यंत गाव राहिलं नाही. जे वाचले, ते आता मठासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. चौकशी समितीकडे त्यांनी केलेल्या तक्रारीत पहिलं नाव सदानंदचं होतं.

"उद्या समिती येतेय," सदानंद म्हणाला. "हे लोक तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. तक्रारीतून माझं नाव काढा, एवढं सांगा त्यांना. नाहीतर माझी नोकरी गेली. आणि मलाच का? पेपरवाले रोज वाट्टेल ते छापतात. त्यांना कोण विचारतं?"

"त्यांच्या पेपरात लोक भजी बांधतात, बाबा. तुझं ऐकून झोपले."

सदानंदनं खाली पाहिलं.

"बरं," महाराज म्हणाले. "टाकतो शब्द. खिचडी झालीय. हाळी दे. ते आले की पंगतीतच बोलतो."

मठाचा जुना रिवाज होता. जेवणाआधी एकानं दारात उभं राहून हाळी द्यायची, उपाशी कोण आहे म्हणून. आलेल्यांचं पोट भरल्याशिवाय मठात कुणी घास घ्यायचा नाही. लहानपणी ती हाळी सदाच द्यायचा. त्याचा गळा तयार झाला तो त्याच उंबऱ्यावर.

त्याचा चेहरा खुलला. हे काम त्याला येत होतं.

समोर शेडपुढं माणसं ताटं घेऊन तयारच होती. एक बाई रस्त्यापर्यंत आलीसुद्धा होती. तिचं पोर तिच्यापुढं धावत होतं.

सदानंदनं छाती भरून घेतली.

"उपाशी कोण आहे होऽऽ? जेवायला याऽऽ!"

आवाज पहिल्यासारखाच होता. स्वच्छ, गोड. जिल्ह्यातल्या घराघरांत ओळखीचा.

बाई जागीच थांबली.

तिनं पोराचा दंड धरला, त्याला मागं ओढलं. पोर रडायला लागलं. मागून येणारा म्हातारा ताट घेऊन तिथंच खाली बसला. शेडच्या दारांवरचे गोणपाटाचे पडदे एकेक करून खाली आले.

"ऐकू गेलं नसेल..." सदानंद म्हणाला.

त्यानं पुन्हा हाळी दिली. आणखी मोठ्यानं.

आता रस्त्यावर कुणीच नव्हतं.

"महाराज, तुम्ही द्या. तुमच्या हाळीला येतील."

"तुझी वेगळी, माझी वेगळी, असं कुठं असतं? या दारातून दिलीस. मठाचीच झाली ती."

"मग आता?"

महाराजांनी पातेल्याच्या कडांना फडकी लावून ते चुलीवरून उतरवलं. डाव आत टाकला. पातेलं उचलून ते दाराकडे निघाले. वय झालं होतं, पाय लटपटत होते. सदानंद बाजूला सरकला. खिचडी अंगावर सांडेल म्हणून.

महाराज उंबरा ओलांडून रस्त्यावर आले.

"महाराज! अहो, पण माझं? तुम्ही शब्द टाकणार होता..."

ते चालत राहिले.

"उद्या समिती आहे, महाराज! माझं काय होणार?"

गोणपाटाच्या पहिल्या पडद्यापुढं महाराजांनी पातेलं खाली ठेवलं. हळूहळू पाठ सरळ केली. वळून त्याच्याकडे पाहिलं.

"घाबरण्याचं कारण नाही."