तिपटीहून पाच जास्त

एका गावात एक आचारी होता. हाताला चव अशी, की लोक बोटं चाटत उठत. खोड एकच. "ठाऊक नाही" हे शब्द मेले तरी त्याच्या तोंडून निघायचे नाहीत.

त्या मुलखात वऱ्हाडाची माणसं आधी मोजत नसत, दृष्ट लागते म्हणून. वरपक्ष नुसता निरोप धाडी, "पोळ्या माणसांच्या तिपटीहून पाच जास्त करा." वरच्या पाच गावदेवीच्या. पोळी कमी पडली तर वऱ्हाड रुसे. उरली तर "आमची माणसं कमी आली म्हणता होय?" म्हणून रुसे. आता काय बोलायचं अशा लोकांना! पाटलाच्या मुलीची दोन लग्नं अशीच मोडली होती. दोन्ही वेळा अंदाज ह्याच आचाऱ्याचा.

तिसरा मुलगा तिच्या मनात भरला होता. आचारी छातीठोकपणे म्हणाला, "साठ माणसं धरा. एकशे पंच्याऐंशी पोळ्या."

"काका, साठ कुठून आणले?"

"अनुभवातून."

मुलीने कपाळाला हात लावला. मग तिने पाटावर तीन वाट्या पालथ्या घातल्या आणि शेजारी पाच चिंचोके ठेवले. "एक वाटी म्हणजे सगळं वऱ्हाड. किती ते ठाऊक नाही, म्हणून पालथी. तिपटीच्या वाट्या तीन, जास्तीचे चिंचोके पाच. पुरण वाटा, कणीक मळा, पण वऱ्हाड येईतो पोळी लाटू नका."

"वाट्या वाढणार का पाहुण्यांना?" आचारी खो खो हसला.

वऱ्हाड आलं. रीतीप्रमाणे दारातच प्रत्येकाने तबकात एकेक सुपारी टाकली. सुपाऱ्या मोजायला बंदी नव्हती. भरल्या सत्तेचाळीस.

"सत्तेचाळीस नि पाच बावन्न, त्याची तिप्पट एकशे छप्पन्न," आचारी लाटणं घेऊन धावला.

"थांबा काका. चिंचोके वाट्यांच्या बाहेर आहेत, त्यांची कशाला तिप्पट करता? आधी तीन सत्तेचाळीस, मग पाच. एकशे शेहेचाळीस."

तेवढ्याच लाटल्या. देवीच्या पाच निघाल्या, प्रत्येकाच्या पानात तीन पडल्या आणि परात रिकामी झाली. विहीणबाईंनी परातीत दोनदा डोकावून पाहिलं. रुसायला काहीच सापडेना, तेव्हा त्या नाइलाजाने हसल्या. अक्षता पडल्या.

निघताना मुलगी आचाऱ्याच्या पाया पडली. तो म्हणाला, "पोरी, चाळीस वर्षांचा आचारी मी. ठाऊक नाही, असं कसं म्हणणार?"

"तेवढं म्हणाला असतात काका, तर मी दोन वर्षांपूर्वीच सासरी गेले असते."

आचाऱ्याने मान खाली घातली.

तात्पर्य एवढंच: जे ठाऊक नाही त्याची जागा मोकळी ठेवावी, आणि सांगणाऱ्याने जे ज्या क्रमाने सांगितलं ते त्याच क्रमाने करावं. फुशारकीने ठोकलेला आकडा दुसऱ्याच्या जिवावर बेततो.