बाहेर गेलेलं गिऱ्हाईक

बंदरावरच्या बारमध्ये सिगारेटबंदी आली आणि धंदा निम्म्यावर आला. सगळे बारवाले एकजूट करून, त्यांच्यातल्याच चंद्राबाई भंडारींना पुढे करून मामलेदारांकडे गेले. बंदीमुळे आपल्या आचाऱ्याचा खोकला थांबला, म्हणून चंद्राबाई मनातून सरकारचे उपकारच मानत होत्या. त्यांना हवी होती फक्त सिगारेट ओढणाऱ्यांसाठी बारच्या परसात बाकडी टाकायची परवानगी.

"परसबिरस काही नाही!" मामलेदार गुरकावले. "गिऱ्हाईक रस्त्यावर जाईल, ओढेल आणि परत येईल. तुमचं काय जातं त्यात?"

चंद्राबाईंनी वाद न घालता चहा मागवला. चहा पोटात गेला की साहेबांना सिगारेट लागते, हे गावाला ठाऊक होतं. "आलोच," म्हणून साहेब नाक्यावरच्या टपरीवर गेले आणि तिथल्या गप्पांत रमले. इकडे सगळे ताटकळले. शेवटी चंद्राबाईच टपरीवर गेल्या.

"साहेब, तुमची खुर्ची, पंखा, पगार, सगळं आत आहे. तरी तुम्हाला न्यायला मला यावं लागलं. माझ्या गिऱ्हाइकाला आणायला कोण जाणार?"

साहेबांनी सिगारेट विझवली आणि हसू दाबत तिथेच परवानगी दिली.

चंद्राबाईंनी मनापासून हात जोडले. "उपकार झाले, साहेब. पहिलं बाकडं तुमच्या नावाचं. कुणी शोधत आलं, तर सापडाल तरी!"